अनाहूत पाहुणे

दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट पुढे असताना, भयकथेचा विषय काढणे बरे नव्हे, असे कोणी म्हणेल. मला मात्र त्यात फारसे वावगे वाटत नाही. आपली दिवाळी वसुबारसेला गाईवासरांच्या पूजेने सुरू होते हे खरे. पण धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला आपण दक्षिणेकडे वात करून यमासाठी एक दिवा लावतो, दुसऱ्या पहाटे नरकाचे नाव घेऊन अभ्यंगस्नान करतो, आणि शेवटच्या दिवसाला तर यमद्वितीयाच म्हणतो. ज्या सणात मृत्यूला इतक्या मानाने घरी बोलावले जाते, त्या सणात मेलेले माणूस परत आल्याची एक गोष्ट सांगितली, तर ती अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

गोष्ट माझी नव्हे. पोलंडचे लेखक स्तानिस्वाफ लेम यांची ती कादंबरी आहे, नाव ‘सोलॅरिस’. ती १९६१ साली प्रसिद्ध झाली. युरी गागारिनने पृथ्वीभोवती पहिली प्रदक्षिणा घातली तेच हे वर्ष. सारे जग अभिमानाने आकाशाकडे पाहत होते, आणि हा गृहस्थ एकाच प्रश्नाशी अडून बसला होता : माणूस तिथे जाईल, पण जाताना स्वतःबरोबर काय घेऊन जाईल? लेम यांचा जन्म १९२१ सालचा, ल्वूफ शहरातला. आज ते शहर युक्रेनमध्ये आहे. त्यांचे शिक्षण वैद्यकाचे. घराणे यहुदी. महायुद्धात जर्मनांनी ते शहर व्यापले तेव्हा खोट्या कागदपत्रांच्या आधाराने त्यांनी जीव वाचवला. नातेवाइकांपैकी बहुतेक मारले गेले. ज्याने आपली माणसे अशी गमावली, त्याला मेलेल्यांच्या परत येण्याविषयी लिहावेसे वाटले असेल, तर त्याचे नवल वाटायला नको.

हे पुस्तक मी वाईला, आत्याच्या घरी, माडीवरच्या खोलीत एका रात्रीत इंग्रजीतून वाचून काढले. रात्र भाऊबीजेची होती. त्याच रात्री झोप का लागली नाही, ते पुढे सांगेन. आधी गोष्ट सांगतो.

सोलॅरिस हा एक दूरचा ग्रह. त्याला दोन सूर्य, एक तांबडा आणि एक निळा. गणिताप्रमाणे असा ग्रह केव्हाच आपल्या कक्षेतून ढळून एका सूर्यात जाऊन पडायला हवा. पण तो पडत नाही. कारण त्याला व्यापून असलेला महासागर जिवंत आहे, आणि तोच आपल्या ग्रहाची वाट सावरून धरतो. शंभराहून अधिक वर्षे विद्वानांनी या महासागराचा अभ्यास केला आहे, त्यावर ग्रंथालये भरतील इतके लिहिले आहे. आणि त्या सगळ्याचे सार एवढेच, की तो विचार करतो की नाही हेही कोणाला सांगता येत नाही. महासागराच्या वर तरंगत असलेल्या एका ठाण्यात तीन शास्त्रज्ञ राहतात. क्रिस केल्विन नावाचा मानसशास्त्रज्ञ चौथा म्हणून तिथे पोहोचतो, तेथपासून कादंबरी सुरू होते.

त्याला घ्यायला कोणी येत नाही. ठाण्यात अस्ताव्यस्त पसारा पडला आहे. तिघांपैकी गिबारियनने त्याच दिवशी आत्महत्या केली आहे. सार्टोरियस दार आतून धरून बसला आहे, आणि त्या दारामागे कोणीतरी धावल्याचा आवाज येतो. तिसरा स्नाउट, तो केल्विनला पाहून दचकतो, तो खरा की आणखी काही हे त्याला कळत नाही. आणखी कोणी दिसले तर काही करू नकोस, एवढे तो बजावतो. कोणी म्हणजे कोण, ते सांगत नाही.

केल्विनला वाटते, आपल्याला वेड लागले असावे. मग तो एक युक्ती करतो. ग्रहाभोवती फिरणाऱ्या उपग्रहाकडून तो काही आकडे मागवतो, ते न पाहता बाजूला ठेवतो, आणि तेच गणित स्वतंत्रपणे करतो. वेडाच्या भरात उत्तरे मनानेच रचली असतील, तर ती एवढ्या दशांश स्थळांपर्यंत जुळणार नाहीत. उत्तरे जुळतात. आपण शहाणे आहोत हे सिद्ध झाल्यावर माणसाला आनंद व्हायचा. केल्विनच्या पायाखालची जमीन सरकते. वेड असते तर सुटका होती. या पुस्तकात रक्ताने माखलेल्या राक्षसांपेक्षा ही आकडेमोड मला अधिक भयंकर वाटली.

दुसऱ्या दिवशी तो जागा होतो, तेव्हा खाटेजवळ हारेय बसलेली असते. हारेय त्याची बायको. तिला जाऊन दहा वर्षे झालेली. भांडण झाले, तो घर सोडून निघाला. जीव देईन असे ती म्हणाली होती. विषारी औषध घरात आहे हे त्याला आठवले होते, पण परत गेलो तर आपण तिची धमकी खरी मानली असे दिसेल, म्हणून तो गेला नाही. काही दिवसांनी गेला, तेव्हा उशीर झाला होता. तीच हारेय आता समोर बसून हसते आहे. दंडावर सुईचा व्रण आहे. अंगातल्या झग्याला पुढे गुंड्या आहेत, पण त्या नुसत्या शोभेच्या. तो उघडण्याची सोयच नाही. तो कात्रीने कापावा लागतो. ज्याने ती घडवली, त्याने केल्विनच्या आठवणीतून तिला उचलले, आणि आठवणीत झगा कुठून सुटतो याची नोंद नव्हती.

महासागरानेच या आकृती पाठवल्या आहेत, हे हळूहळू स्पष्ट होते. शास्त्रज्ञांनी त्याच्यावर क्ष-किरणांचा मारा केला, त्यानंतर ते आले. प्रत्येकाच्या मनात जे सर्वांत खोल पुरले होते, ते उकरून त्याने त्याच्या दाराशी उभे केले. शिक्षा म्हणून, भेट म्हणून, की सहज चाळा म्हणून, ते शेवटपर्यंत कळत नाही. ठाण्यातले लोक त्यांना ‘पाहुणे’ म्हणतात.

या पाहुणीचे केल्विन काय करतो? पहिल्या दिवशी तो तिला गोड बोलून एका अग्निबाणात बसवतो, झाकण लावतो आणि अंतराळात सोडून देतो. आतून ती झाकणावर अशी धडकते की पोलाद हादरते. जी किंकाळी ऐकू येते ती माणसाची वाटत नाही, आणि तरी त्या किंकाळीत आपले नाव आहे असे त्याला वाटते. दुसऱ्या रात्री हारेय पुन्हा हजर. कालचे तिला काही ठाऊक नाही. ती झगा काढून खुर्चीवर टाकते, तेव्हा तसलाच दुसरा झगा, तसाच कापलेला, तिथे आधीच पडलेला असतो.

माझा प्रश्न इथे सुरू होतो. केल्विनने पहिल्या दिवशी जे केले ते पाप होते का?

नाही म्हणणाऱ्याची बाजू लंगडी नाही. ती हारेय नव्हती. खरी हारेय पृथ्वीवर दहा वर्षांपूर्वी गेली. ही एका अगम्य प्राण्याने मानवी मनाचा ठाव घेण्यासाठी सोडलेली वस्तू असेल. मासे धरणारा गळाला लावतो तसली. तिच्या रक्ताकडे सूक्ष्मदर्शकातून पाहत अगदी खोल गेले, की अणू दिसायचे तिथे काहीच दिसत नाही. पाहुणे न्यूट्रिनो नावाच्या कणांचे बनले असावेत असा सार्टोरियसचा तर्क. हे कण खरोखरीचे आहेत. १९५६ साली त्यांचा प्रत्यक्ष शोध लागला, आणि वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो प्रथम सापडले ते १९६५ साली, आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही त्या प्रयोगात होते. आपल्या बोटाच्या नखातून दर सेकंदाला सूर्याकडून आलेले अब्जावधी न्यूट्रिनो आरपार जातात आणि कशालाही स्पर्श करीत नाहीत. सृष्टीत यापेक्षा निःसंग कण क्वचितच असेल. आणि लेम यांनी त्यांची जी स्त्री घडवली, ती केल्विन क्षणभर दृष्टीआड झाला तर बंद दार फोडून, हात रक्तबंबाळ करून घेत त्याच्यामागे येते. या विरोधात मला लेखकाचा मिस्कीलपणा दिसतो, आणि एक सूचनाही : पाहुणे कशाचे बनले आहेत यावरून ते कोण आहेत हे ठरणार नाही.

कारण पुढे ही हारेय बदलत जाते. गिबारियनने मरण्यापूर्वी ठेवलेले ध्वनिमुद्रण तिच्या कानी पडते, आणि आपण हारेय नाही हे तिला कळते. आपण काय आहोत याचे उत्तर कोणापाशीच नाही हेही कळते. ती द्रवरूप प्राणवायू पिऊन जीव देऊ पाहते. तोही जात नाही. जखमा भरून येतात आणि ती यातनांत जागी होते. शेवटी केल्विनला न सांगता ती इतर दोघांना गाठते, सार्टोरियसने पाहुण्यांचा नाश करण्यासाठी बनवलेल्या यंत्रासमोर आपण होऊन उभी राहते, आणि हा निर्णय माझा आहे अशी चिठ्ठी मागे ठेवते. गळाला लावलेले आमिष असे करीत नाही. दुसऱ्यासाठी स्वतःला बाजूला सारणे हे ज्याला जमते, त्याच्या अंगात अणू आहेत की नाहीत हे मोजत बसणे मला क्षुद्रपणाचे वाटते.

परंतु हे सगळे केल्विनला पहिल्या दिवशी माहीत नव्हते. त्याला न्याय द्यायचा तर त्या दिवसाचा द्यायला हवा. तो घाबरला होता. त्याच्या जागी मी असतो तर अग्निबाणाचे झाकण मीही लावले असते. मात्र त्याला काहीच माहीत नव्हते, हेही पुरते खरे नाही. किंकाळी त्याने ऐकली होती.

आता वाईची गोष्ट सांगतो.

माझ्या वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणत. आत्या त्यांची धाकटी, एकुलती बहीण. अण्णा गेल्यानंतर भाऊबीजेला वाईला जाण्याचा रिवाज मी चालू ठेवला. बहिणीचा पाट रिकामा राहू नये एवढाच हेतू. पुढे आत्याची स्मृती जाऊ लागली. आधी पातेली करपू लागली, मग नातवंडांची नावे गेली, मग सून कोण हे विचारू लागली. मी अण्णांसारखा दिसतो असे सगळे म्हणतात. वय वाढले तसा अधिकच दिसू लागलो. त्या वर्षी मी दारात पाऊल टाकले, आणि आत्या ओसरीवरून म्हणाली, “अण्णा, किती उशीर केलास रे! आणि किती वाळलास!”

वहिनींनी मला डोळ्यांनी खूण केली. मला ती कळली नाही, की कळूनही मानायची नव्हती, ते आज सांगता येणार नाही. मी खरे बोलणारा माणूस म्हणून स्वतःविषयी थोडा अभिमान बाळगून होतो. मी आत्याचा हात धरून म्हणालो, “आत्या, मी अण्णा नाही. अण्णांना जाऊन सहा वर्षे झाली. मी त्यांचा मुलगा.”

तिने माझ्याकडे पाहिले. तिला ते कळले, आणि ती बातमी आयुष्यात पहिल्यांदा ऐकावी तशी तिने ऐकली. मला कोणी कळवले कसे नाही, मी त्याचे तोंडही पाहिले नाही, असे म्हणत ती ज्या आवाजात रडली, तो मी विसरू शकत नाही. अण्णा गेले तेव्हा ती आमच्याकडेच होती. त्यांच्या तोंडात गंगाजल तिनेच घातले होते. अर्ध्या तासाने ती सारे विसरली आणि, “अण्णा चहा घेणार ना?” असे आत विचारायला गेली. विसरता आले नाही ते मला. त्या रात्री माडीवर झोप येईना, म्हणून पिशवीतले पुस्तक काढले. आणि अग्निबाणाच्या प्रसंगाशी आलो तेव्हा ते मिटून बराच वेळ अंधारात बसून राहिलो. केल्विनच्या जागी बसून मी ते वाचत नव्हतो. त्या घरातला पाहुणा मी होतो. कोणाच्या तरी आठवणीतून उभा राहिलेला, दुसऱ्याचा चेहरा घेऊन आलेला.

पुढच्या वर्षी मी काही बोललो नाही. पाटावर बसलो. आत्याने कुंकू लावले, अक्षता लावल्या, सुपारी आणि सोन्याची अंगठी तोंडाभोवती फिरवली, आणि निरांजनाचे तबक हातात घेऊन मध्येच थांबली. म्हणाली, “अण्णा, पाटल्यांचा राग गेला का रे तुझ्या मनातला?”

आजीच्या पाटल्यांवरून भावाबहिणीत वितुष्ट आले होते, एवढे मला ऐकून माहीत होते. काही वर्षे अण्णा वाईला गेलेच नाहीत. मग जाऊ लागले, पण तो विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. अण्णांच्या मनातला राग गेला होता की नाही, ते त्यांनी कधी मला सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

तिच्या हातातले तबक थरथरत होते. मी म्हणालो, “राग कसला? निरांजन विझेल, ओवाळ आधी.” तिने ओवाळले. चेहऱ्यावर असे समाधान आले की वहिनी आत निघून गेल्या.

मी जे केले ते योग्य होते का? पाटावर बसण्याविषयी माझ्या मनात आता संशय नाही. खरे बोलण्याचे व्रत पाळायचे म्हणून एका म्हातारीला दरवर्षी भाऊ नव्याने मारून दाखवणे, याला सत्य म्हणणे हा सत्याचा अपमान आहे. पण ते दुसरे वाक्य? अण्णांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला कोणी दिला? मुलगा वडिलांचे घर घेतो, कर्ज घेतो. त्यांचा राग आणि त्यांची क्षमाही त्याच्याकडे वारशाने येते काय?

‘सोलॅरिस’मध्ये याचे उत्तर आहे असे मला वाटते. केल्विनला दुसऱ्या हारेयकडून हवी असते ती पहिलीची क्षमा. ती त्याला मिळत नाही, आणि ती देण्याचे सोंग करीत नाही. मी ती नव्हे, हे ती त्याला ठासून सांगते. आणि केल्विनही हळूहळू समजून घेतो, की आता ज्या स्त्रीवर आपला जीव जडला आहे ती हीच, ती गेलेली नव्हे. पहिलीचे देणे तसेच राहते. ते फेडायला आता माणूसच उरलेले नाही. पण ही समोर आली, घाबरली, रडली, त्या क्षणापासून तिचे एक नवे देणे सुरू झाले आहे, आणि ती खरी की खोटी याचा निकाल लागेपर्यंत ते थांबून राहत नाही. जुने देणे नव्या माणसाच्या खात्यावर फेडू पाहणे ही फसवणूक. आणि जुने फिटत नाही म्हणून नवेही नाकारणे, हे अग्निबाणाचे झाकण लावणे.

हा प्रश्न आता अंतराळापुरता राहिलेला नाही. मेलेल्या माणसाचा आवाज यंत्राकडून हुबेहूब काढून घेता येतो. उद्या कोणाच्या घरी वडिलांचा आवाज म्हणेल, बाळ, माझा तुझ्यावर राग नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल, ते पाणी खरे असेल. क्षमा कोणाची, हे मात्र त्या आवाजाला विचारून कळणार नाही.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराला नरक दाखवला जातो, तो प्रसंग मला या संदर्भात नेहमी आठवतो. स्वर्गात त्याला दिसतो दुर्योधन, वैभवात बसलेला. आपले भाऊ कुठे आहेत असे तो विचारतो, तेव्हा देवदूत त्याला दुर्गंधीने भरलेल्या, अंधाऱ्या वाटेने नेतो. अंधारातून भीमाचे, अर्जुनाचे, कर्णाचे, द्रौपदीचे आवाज येतात : थोडा थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हांला बरे वाटते. युधिष्ठिर देवदूताला परत जायला सांगतो. मी इथेच राहीन, म्हणतो. मागाहून इंद्र येऊन सांगतो की ती सारी माया होती. आवाज खोटे होते. पण ते ऐकून तो जो थांबला, ते थांबणे खोटे नव्हते. हे आवाज खरे कशावरून, अशी चौकशी करीत तो बसला असता, तर धर्मराज हे नाव त्याला शोभले नसते.

त्याच कथेत पुढे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही. हा नरक त्याला का दाखवला, याचे कारण इंद्र सांगतो. द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याविषयी त्याने जे अर्धसत्य सांगितले, त्या कपटाबद्दल त्याला कपटानेच नरक दाखवण्यात आला. म्हणजे मायेसमोर दयेने थांबणारा आणि समोरच्याला अर्धे सत्य सांगून फसवणारा, हे एकच गृहस्थ. महाभारतकारांनी त्याला पहिल्याबद्दल गौरवले, म्हणून दुसऱ्याचा हिशेब सोडला नाही.

“राग कसला?” हे माझे वाक्यही तसलेच आहे. ते खोटे नाही, कारण तो नुसता प्रश्न आहे, खरेही नाही. त्याचा हिशेब कुठेतरी लिहिला गेला असेल. गेल्या वर्षी आत्याने पाटल्यांचे पुन्हा विचारले, तेव्हा मी उत्तर बदलले. म्हणालो, “तू ते इतकी वर्षे मनात ठेवलेस, याचे मला वाईट वाटते.” हे अण्णा म्हणाले असते की नाही, मला ठाऊक नाही. मी म्हणू शकत होतो, आणि ते खरे होते. तिचे समाधान आदल्या वर्षीइतके झाले नाही. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली, कपाळावरची ओघळलेली अक्षत तिने बोटाने नीट लावली, आणि म्हणाली, “तू कोण रे बाळ? चेहरा ओळखीचा वाटतो.”

मी माझे नाव सांगितले. ती रडली नाही. मग तिने मला ओवाळले.

यंदाही पाट मांडला जाईल. त्यावर कोण म्हणून बसायचे, ते त्या क्षणी आत्याच ठरवील. पाहुण्याने यजमानाला कुठल्या खोलीत उतरवणार असे विचारायचे नसते.